अर्धशिशीची चाहूल आणि संततिनियमनाची गोळी

अर्धशिशी हा कांहीं आजकालचा रोग नव्हे. सुश्रुतानें मस्तकाचे जे अकरा रोग सांगितले आहेत त्यांत सूर्यावर्त आणि अर्धावभेदक हीं नांवें आढळतात. सूर्य जसजसा वर चढेल तसतसें दुखणें वाढावें, किंवा मस्तकाचा अर्धाच भाग फुटून निघत आहे असें वाटावें, हीं त्यांचीं लक्षणें आजही घरांतील एखादी वडीलधारी बाई बिनचूक सांगेल. सुंठेचा लेप, नाकांत साजूक तुपाचे दोन थेंब, सूर्योदयापूर्वीं दूध आणि जिलबी, हे उपाय महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहेत. शहरांत त्यांची जागा आतां औषधाच्या दुकानांतील वेदनाशामक गोळीनें घेतली आहे, एवढाच फरक. दुखणें येतें, दिवसभर छळतें, अंधाऱ्या खोलींत डोकें बांधून पडल्यावर केव्हां तरी ओसरतें. आणि घरांतील माणसें म्हणतात, 'हिला पित्ताचा त्रास आहे.'

या 'पित्त' शब्दामागें एक धोका दडलेला आहे. मळमळतें, एकदां उलटी झाली म्हणजे बरें वाटतें, उपास घडला कीं डोकें दुखूं लागतें, यावरून पोटाला दोष देणें साहजिक आहे. परंतु अर्धशिशीचें मूळ मेंदूंत आहे आणि उलटी हा तिचा परिणाम आहे. नुसती नांवाचीच चूक असती तर तिचा ऊहापोह करण्याचें कारण नव्हतें. पण या 'पित्ता'चा एक प्रकार असा आहे कीं, तो ज्या स्त्रीला आहे तिनें संततिनियमनाची नेहमींची गोळी, म्हणजे जिच्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशीं दोन्ही जातींचीं संप्रेरकें एकत्र असतात ती गोळी, कोणत्याही वयांत घेऊं नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट इशारा आहे. डॉक्टरांनीं विचारावें, 'अर्धशिशी आहे का?' आणि बाईनें सांगावें, 'नाहीं, पित्त आहे.' प्रश्न योग्य, उत्तरही प्रामाणिक; आणि तरीही जी गोळी द्यावयास नको होती ती दिली जाते.

हा प्रकार ओळखावयाचा कसा? अर्धशिशीचे मुख्य भेद दोन. पहिल्या भेदांत डोकेदुखी थेट सुरू होते; ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज असह्य होणें, हीं तिचीं लक्षणें. दुसऱ्या भेदांत डोकें दुखूं लागण्यापूर्वीं तिची चाहूल लागते. या चाहुलीला वैद्यकांत 'ऑरा' अशी संज्ञा आहे, आणि अर्धशिशीच्या दर तीन-चार रुग्णांपैकीं सुमारें एकाला तिचा अनुभव येतो. ही चाहूल बहुधा डोळ्यांची असते. वाचतां वाचतां ओळींतील एखादें अक्षर गळाल्यासारखें वाटतें. पाहावें तेथें एक लहानसा ठिपका पुसट झालेला असतो. मग त्या ठिपक्याच्या कडेला करवतीच्या दातांसारखी कोनाकोनांची लखलखती रेघ दिसूं लागते. ती चंद्रकोरीप्रमाणें वाढत वाढत एका बाजूला सरकते आणि तिच्या पोटांतील भाग दिसेनासा होतो. पांच मिनिटांपासून एका तासापर्यंत हा खेळ चालतो आणि मग दृष्टि पूर्ववत् होते. कांहींना यासोबत हाताच्या बोटांत मुंग्या येतात व त्या हळूहळू दंडापर्यंत आणि ओठांपर्यंत चढतात. कांहींना ओळखीचा शब्द ऐन वेळीं सांपडत नाहीं. त्यानंतर बहुधा तासाभराच्या आंत डोकें दुखूं लागतें. क्वचित् तें दुखतही नाहीं, आणि मग ही चाहूल कोणाला सांगण्याजोगीही वाटत नाहीं.

इ. स. १८७० मध्यें ह्यूबर्ट एअरी या इंग्रज वैद्यानें स्वतःला दिसणाऱ्या या रेघेचीं चित्रें काढून लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलीं. त्याचे वडील जॉर्ज एअरी हे इंग्लंडचे राजज्योतिषी. त्यांनाही हाच त्रास होता. रेघेची आकृति पाहून ह्यूबर्टला शहराभोंवतींच्या तटबंदीची आठवण झाली आणि त्यानें ग्रीक भाषेंतील 'तट' या अर्थाच्या शब्दावरून तिला नांव दिलें. नगरचा भुईकोट किल्ला ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ही उपमा चटकन् उमजेल. तट सरळ न जातां प्रत्येक बुरुजाशीं बाहेर येतो, पुन्हां आंत वळतो, आणि असा गोल फिरत जातो. युरोपांतील अनेक किल्ल्यांचे बुरूज टोकदार असत, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे एअरीचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें.

या चित्राचा उलगडा पुढें सत्तर वर्षांनीं होऊं लागला. १९४१ मध्यें अमेरिकेंतील कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञानें स्वतःच्याच दृष्टींतील ठिपक्याच्या वाढीचें मोजमाप घेतलें आणि हिशेब केला कीं, मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून कांहीं तरी दर मिनिटाला सुमारें ३ मिलिमीटर या वेगानें सरकत असलें पाहिजे. १९४४ मध्यें ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआओ या शास्त्रज्ञाला सशाच्या मेंदूवर प्रयोग करतांना तशाच मंद गतीनें पसरणारी एक लाट आढळली. लाटेच्या पुढच्या कडेवर मज्जापेशी क्षणभर उत्तेजित होतात आणि तिच्या मागें कांहीं काळ निपचित पडतात. पुढें लखलखाट आणि मागें अंधार कां, याचें उत्तर या लाटेंत आहे. ती ओसरल्यावर मेंदूच्या त्या भागांतील रक्तप्रवाहही कांहीं काळ मंदावतो. ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तथापि डोळ्यांपुढें दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे ही चाहूल नव्हे. बसल्या जागेवरून एकदम उठतांना अंधारी येते ती कांहीं क्षणांची असते. तिच्यांत रेघ नसते कीं ठिपक्याचें सरकणें नसतें. डोकें ऐन भरांत दुखत असतांना अक्षरें अस्पष्ट दिसतात, तीही चाहूल नव्हे. खऱ्या चाहुलीच्या खुणा तीन. ती हळूहळू वाढते. ती पांच मिनिटांहून अधिक आणि बहुधा एका तासाहून कमी टिकते. आणि डोळे मिटले तरी ती दिसतच राहते, कारण ती डोळ्यांत नसून मेंदूंत असते. एकेक डोळा झांकून पाहिलें तरी त्याच बाजूला तीच आकृति दिसते.

आतां दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे गोळीकडे वळावयाचें. संततिनियमनाच्या इतिहासाशीं नगर जिल्ह्याचा संबंध जुना आहे, पण तो फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. मुंबईस रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ मध्यें संततिनियमनाचें केंद्र सुरू केलें आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु १९३८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या विधानसभेंत संततिनियमनाचा प्रसार सरकारनें करावा असा ठराव मांडणारे पी. जे. रोहम हे अहमदनगर दक्षिण भागाचे प्रतिनिधि होते. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद. आणि सभागृहांत त्यांनीं केलेलें भाषण डॉ. आंबेडकरांनीं तयार केलेलें होतें. वारंवारच्या बाळंतपणांनीं स्त्रियांच्या प्रकृतीची होणारी धूळधाण आणि अपत्य नको असेल तर तें टाळण्याचें साधन स्त्रीच्या हातीं असण्याची आवश्यकता, हे त्या भाषणाचे मुख्य मुद्दे. ठराव नामंजूर झाला. पुढें १९५२ मध्यें स्वतंत्र भारताच्या सरकारनेंच हा कार्यक्रम राष्ट्रीय म्हणून हातीं घेतला.

कर्वे आणि रोहम यांच्या काळीं गोळी नव्हती. ती अमेरिकेंत १९६० मध्यें मान्य झाली. तेव्हांच्या 'एनोव्हिड' या पहिल्या गोळींत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतें. पुढच्याच वर्षीं, १९६१ मध्यें, ही गोळी घेणाऱ्या एका स्त्रीच्या फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकल्याची हकीकत इंग्लंडांतील एका डॉक्टरानें 'लॅन्सेट' या नियतकालिकांतून कळविली. मग एकामागून एक तपास झाले, आणि इस्ट्रोजेनचें प्रमाण जसें अधिक तसा गुठळीचा धोका अधिक, असें दिसून आलें. १९६९ मध्यें ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीनें ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळाव्या, अशी शिफारस केली. भारतांत सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळणाऱ्या 'माला-एन' या गोळींत आज ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल आणि १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतें. पाकिटांत गोळ्या २८. त्यांपैकीं २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. या गोळीनें अंडें बाहेर पडण्याची क्रिया थांबते आणि गर्भधारणा टळते. निरोगी तरुण स्त्रीला ती बहुतांशीं निर्धोक आहे, आणि असंख्य घरांतील माउल्यांना तिनें नको असलेल्या बाळंतपणांतून सोडविलें आहे, हें निःसंशय होय.

मग अडचण कोठें येते? इस्ट्रोजेनमुळें यकृत रक्त गोठविणारे घटक अधिक प्रमाणांत बनवूं लागतें, आणि रक्त गोठूं न देणारे कांहीं घटक कमी होतात. सामान्यतः शरीर हा भार सहज सोसतें. परंतु ज्या स्त्रीच्या मेंदूंत ती मंद लाट अधूनमधून उठते आणि तेथील रक्तप्रवाह कांहीं काळ मंदावतो, तिच्या बाबतींत पक्षाघाताचा धोका मुळांतच इतरांहून अधिक असतो. त्यांत गोळीची भर पडली म्हणजे तो आणखी वाढतो. युरोपांतील डोकेदुखी आणि संततिनियमन या विषयांच्या तज्ज्ञ-संस्थांनीं २०१७ मध्यें मिळून एक निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांतील अंदाज २० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांसंबंधीं आहेत. अर्धशिशीही नाहीं आणि गोळीही नाहीं अशा एक लाख स्त्रियांत वर्षाकाठीं सुमारें २.५ जणींना रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघात होतो. केवळ गोळी घेणाऱ्यांत हा आंकडा ६.३, केवळ चाहुलीची अर्धशिशी असणाऱ्यांत ५.९, आणि जिला चाहुलीची अर्धशिशीही आहे व जी गोळीही घेते अशा स्त्रियांत ३६.९ होतो.

या आंकड्यांचा अर्थ समजून घेतांना दोन्ही टोकें टाळलीं पाहिजेत. लाखांत सदतीस म्हणजे बहुसंख्य स्त्रियांना कांहीं होणार नाहीं, हें खरें. आणि हे आंकडे बऱ्याच अंशीं जुन्या, अधिक मात्रेच्या गोळ्यांच्या काळांतील निरीक्षणांवर आधारलेले असल्यानें आजच्या अत्यल्प मात्रेच्या गोळ्यांचा धोका इतका नसावा, असें म्हणणारे तज्ज्ञही आहेत. परंतु सदतीस या संख्येंतील प्रत्येक घरांत एक पंचविशी-तिशीची स्त्री आहे, जिची वाचा गेलेली आहे किंवा उजवा हात लुळा पडलेला आहे. आणि तिच्यासाठीं तितकाच खात्रीचा दुसरा उपाय उपलब्ध होता. धोका पत्करावयाचा तो दुसरा मार्ग नसेल तेव्हां. येथें मार्ग एक सोडून पांच-सहा आहेत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनें १९९६ पासून जी पात्रतेची चार वर्गांची पद्धति प्रचारांत आणली, तींत चाहुलीची अर्धशिशी आणि संयुक्त गोळी यांची जोडी चौथ्या, म्हणजे 'वापरूं नये' या वर्गांत घातलेली आहे. चाहूल नसलेल्या अर्धशिशींत नियम तितका कडक नाहीं; तेथें वयाची ३५ वर्षें ही महत्त्वाची सीमा मानली आहे. रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह यांनीं धोका आणखी चढतो. मशेरी लावणाऱ्या भगिनींनींही हें ध्यानांत ठेवावें. मशेरीचा धूर निघत नसला तरी निकोटिन तिच्यांतही असतेंच.

इतकें सारें ज्ञान पुस्तकांत आहे, याद्यांत आहे, डॉक्टरांच्या टेबलावर आहे. तें बाईपर्यंत पोहोंचतांना मात्र गळतें. नगर जिल्ह्यांत, ज्याचें अधिकृत नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, गोळीचें पाकीट घरपोंच देण्याचें काम आशा कार्यकर्ती करते. घरपोंच साधनें देण्याची ही योजना २०११ पासून देशांत सुरू झाली. औषधाच्या दुकानांतून तर पुष्कळदां नवराच पाकीट घेऊन येतो, आणि त्याला बायकोच्या डोळ्यांपुढें काय दिसतें हें विचारण्याची कोणाला सवड नसते. पाथर्डी-जामखेड भागांतून ऊसतोडीसाठीं बाहेर पडणारीं जोडपीं पांच-सहा महिने परमुलखांत असतात. स्वतःच्या गांवची आशाताई तेथें नसते. भर उन्हांतील श्रम, अपुरें पाणी, अवेळीं जेवण, अपुरी झोंप, अर्धशिशी उठविणारीं बहुतेक सारीं कारणें तेथें एकत्र येतात. अशा बाईला उन्हांत लखलखती रेघ दिसली तर ती म्हणेल, 'ऊन लागलें'. आणि तिचें म्हणणें कोणी खोडूनही काढणार नाहीं.

कोणी म्हणेल, हा सूक्ष्म भेद डॉक्टरांनाच कळावयाचा. कमी शिकलेल्या कार्यकर्तीकडून त्याची अपेक्षा कशी करावी? या शंकेचें उत्तर याच जिल्ह्यानें जगाला दिलेलें आहे. १९७० मध्यें डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें जामखेड येथें सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. त्यांनीं गांवोगांवच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजांतील होत्या. या बायका नियमितपणें जामखेडास येत, शिकत, आणि गांवीं परत जाऊन गरोदर स्त्रियांची देखभाल, मुलांचें पोषण, कुटुंबनियोजन हीं कामें करीत. १९७९ मध्यें आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें आणि दूरदूरच्या देशांतून लोक हें काम पाहावयास जामखेडला येऊं लागले. या स्त्रियांचें बळ पदवींत नव्हतें. समोरच्या बाईची भाषा त्यांना येत होती आणि तिच्या चुलीपाशीं बसून तिला विचारण्याची त्यांना मुभा होती. चाहुलीची अर्धशिशी ओळखण्यास रक्ताची तपासणी लागत नाहीं कीं यंत्र लागत नाहीं. तिचें निदान विचारपूस करूनच होतें. म्हणजे जामखेडच्या आरोग्यसेविकांनीं जें सिद्ध केलें नेमकें तेंच येथें हवें आहे.

प्रश्न कसा विचारावा, हें मात्र ठरवून घेतलें पाहिजे. 'तुम्हांला मायग्रेन आहे का?' असें विचारून काम भागणार नाहीं. 'बाई, तुमचें डोकें कधीं उठतें का? पित्तानें म्हणा, उन्हानें म्हणा, उपासानें म्हणा. आणि तें उठायच्या आधीं डोळ्यांपुढें चमचमती वांकडीतिकडी रेघ येते का? समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा दिसेनासा होतो का? डोळे मिटले तरी तें दिसतें का? किती वेळ राहतें?' एवढे प्रश्न पुरेसे आहेत. बाईला कोळशानें भिंतीवर किंवा काडीनें मातींत ती रेघ काढून दाखवावयास सांगितलें तर आणखी बरें. एअरीनें १८७० मध्यें कागदावर जें काढलें तेंच ती मातींत काढील. उत्तर 'होय' असें आलें तर पाकीट तेथेंच मागें ठेवावें आणि बाईला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे न्यावें.

शहरांतील सुशिक्षित घरांनीं हा प्रश्न खेड्याचा म्हणून बाजूस सारूं नये. त्यांच्या घरीं हीच गोळी निराळ्या नांवानें येते. कॉलेजांत जाणाऱ्या मुलीची पाळी अनियमित आहे, बीजकोशांवर गांठी आहेत, चेहऱ्यावरील मुरुम जात नाहींत, म्हणून तिला जीं औषधें दिलीं जातात त्यांत पुष्कळदां हींच दोन संप्रेरकें असतात. आई तिला 'हार्मोनची गोळी' म्हणते. संततिनियमन हा शब्द अविवाहित मुलीच्या बाबतींत उच्चारला जात नाहीं, आणि त्या संकोचांत डोकेदुखीचा प्रश्नही विचारावयाचा राहून जातो. अर्धशिशी पुष्कळदां वंशपरंपरेनें येते. आईला किंवा आजीला 'पित्त' होतें, ही माहिती मुलीच्या डॉक्टरांना देणें हें आईचें काम आहे.

दुसरी गोष्ट पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्यांची. नवरात्रांत मोहटादेवीला जावयाचें आहे, घरीं कुलधर्म आहे, लग्नकार्य आहे, म्हणून चार दिवस आधीं दुकानांतून नॉरेथिस्टेरॉनच्या गोळ्या आणून घेण्याची चाल सर्वत्र आहे. या गोळ्यांत इस्ट्रोजेन नसतें, म्हणून त्या निर्धोक समजल्या जातात. परंतु पाळी लांबविण्यासाठीं त्या जेवढ्या मात्रेंत घ्याव्या लागतात, तेवढ्या मात्रेंत त्यांचा कांहीं अंश शरीरांत एथिनिल इस्ट्राडिओलमध्यें, म्हणजे संयुक्त गोळींतील त्याच इस्ट्रोजेनमध्यें, बदलतो. त्यांतच उपास, जागरण आणि प्रवास यांची जोड मिळाली कीं अर्धशिशी उठतेच. चाहुलीची अर्धशिशी असणाऱ्या स्त्रीनें या गोळ्या कोणाच्या तरी शिफारशीवरून घेऊं नयेत. डॉक्टरांना आपला त्रास सांगून त्यांचा सल्ला घ्यावा. आणि पाळी आली म्हणून देवी रागावते, या समजुतीचाही घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकदां विचार करावा.

आतां उपाय. चाहुलीची अर्धशिशी असलेल्या स्त्रीला संततिनियमनाचा मार्ग बंद होतो, असें मुळींच नाहीं. तांबीमध्यें कोणतेंही संप्रेरक नसतें. अर्धशिशीच्या दृष्टीनें ती पहिल्या, म्हणजे निर्वेध वापराच्या वर्गांत मोडते. सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या दोन प्रकारच्या तांब्यांपैकीं एक पांच वर्षें व दुसरी दहा वर्षें काम देते. निरोध आहे, तो रोगसंसर्गही टाळतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत तयार झालेली आणि १९९१ मध्यें बाजारांत आलेली 'सहेली' ही गोळी आतां सरकारी केंद्रांतून 'छाया' या नांवानें मिळते. तिच्यांत इस्ट्रोजेनही नाहीं व प्रोजेस्टोजेनही नाहीं. ती पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां आणि पुढें आठवड्यांतून एकदां घ्यावयाची असते. तीन महिन्यांनीं घ्यावयाचें 'अंतरा' हें इंजेक्शन केवळ प्रोजेस्टोजेनचें आहे; चाहुलीची अर्धशिशी असतांनाही तें सामान्यतः देतां येतें, मात्र तें सुरू असतांना चाहूल प्रथमच दिसूं लागली किंवा वाढली तर डॉक्टरांनीं फेरविचार करावयाचा असतो. आणि ज्यांना पुढें अपत्य नको आहे अशा दांपत्यांत पुरुषाची नसबंदी हा सर्वांत सुटसुटीत उपाय आहे. बायकोचें मस्तक दुखतें आहे, तिच्या रक्ताला गोळी मानवत नाहीं, हें कळल्यावरही पुरुषानें त्या उपायाकडे पाठ फिरवावी, हें शोभणारें नव्हे.

जी स्त्री आजच गोळी घेत आहे आणि हें वर्णन ऐकून जिला स्वतःची चाहूल आठवली, तिनें घाबरून जाऊं नये. पण चालढकलही करूं नये. संयुक्त गोळी बंद करून दुसरें साधन ठरविण्यासाठीं तिनें लवकरांत लवकर डॉक्टरांना भेटावें, आणि मधल्या काळांत निरोध वापरावा. नुसती गोळी सोडून स्वस्थ बसणें हा शहाणपणा नव्हे. नको असलेलें गरोदरपण हेंही स्त्रीच्या प्रकृतीवर संकटच असतें, आणि गरोदरपणांत व बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, हें विसरूं नये. गोळी सुरू केल्यानंतर डोकेदुखीचें स्वरूप बदललें, किंवा चाहूल आयुष्यांत प्रथमच दिसली, तर पुढच्या पाकिटाची वाट न पाहतां डॉक्टरांना सांगावें. आणि तोंड एका बाजूला वांकडें होणें, एक हात किंवा पाय एकदम लुळा पडणें, बोलणें अडखळणें, किंवा चाहूल एका तासानंतरही न ओसरणें, यांपैकीं कांहीं घडलें तर तें पित्त नव्हे. चाहूल सावकाश येते. पक्षाघात एका क्षणांत येतो. अशा वेळीं लिंबू-पाणी देत, तळपायाला तूप चोळीत बसूं नये. गुठळी विरघळविण्याचें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, म्हणून बाईला तत्काळ मोठ्या रुग्णालयांत पोहोंचवावें.

१९३८ मध्यें नगरच्या प्रतिनिधीनें जो ठराव मांडला त्यावरील भाषणांत मूल केव्हां व्हावें याचा निर्णय स्त्रीच्या स्वाधीन असावा, ही मागणी होती. साधनें आज तिच्या दारापर्यंत आलेलीं आहेत. त्यांतील कोणतें तिच्या प्रकृतीला मानवेल, हें ठरविण्यासाठीं तिच्याकडून एक माहिती हवी आहे, आणि ती माहिती तिच्याखेरीज कोणालाच नाहीं. कारण ती रेघ फक्त तिलाच दिसते. तेव्हां ज्यांच्या घरीं एखाद्या स्त्रीला पित्तानें डोकें दुखण्याची खोड आहे, त्यांनीं आज तिला जवळ बसवून एवढेंच विचारावें कीं, डोकें दुखण्यापूर्वीं तिला काय दिसतें. आणि ती सांगेल तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.